फारसी खात्यातला कारकून

तुमच्या उजव्या हाताच्या मधल्या बोटाला शाईचा डाग पडलेला आहे. राखेने घासा, लिंबाने घासा, जात नाही. साल १८४६, फेब्रुवारी महिना. तुम्ही वीस वर्षांचे आहात आणि कोटातल्या कंपनी सरकारच्या कचेरीत, फारसी कागदांच्या खात्यात, नकला करायला लागून तुम्हाला वर्ष झालंय. घरचा जमाखर्च मोडीत, साहेबाची पत्रं इंग्रजीत, राजेरजवाड्यांची फारसीत. तीन वळणं, मनगट एकच.

संध्याकाळी बाजारगेटातून बाहेर पडता आणि मांडवी, डोंगरी, उमरखाडी मागे टाकत माझगावला मामांकडे येता. पायीच. शिग्राम साहेबांसाठी असते. माझगाव अजून गावच आहे. नारळाच्या आणि आंब्याच्या वाड्या, टेकडीवर भंडाऱ्यांची वस्ती, किनाऱ्याला कोळ्यांच्या होड्या, वाळत घातलेले बोंबील आणि त्या सगळ्यावरून ऐकू येणारी ग्लोरिया चर्चची घंटा. इथले आंबे वर्षातून दोनदा फळतात अशी दूरवर ख्याती आहे. मामांच्या वाडीतले मात्र एकदाच, तेही लहर लागली तर. गोदी आहे, पण लहान. रेल्वे यायला अजून सात वर्षं आहेत आणि असं काही येणार आहे याची तुम्हाला कल्पनाही नाही.

पानावर बसल्यावर मामा विचारतात, "काय रे, तो इराणी आला म्हणे?"

"मामा, कचेरीतलं बाहेर बोलायचं नसतं."

"तू नको बोलूस. अख्खी मांडवी बोलतेय. खोजे तर दिवाळी असल्यासारखे हिंडतायत."

तुम्ही आमटी भुरकता आणि गप्प राहता. कारण मामांना माहीत आहे त्यापेक्षा तुम्हाला जास्त माहीत आहे. मागचे सगळे कागद तुमच्याच हातून गेलेत.

हा इराणी म्हणजे हसन अली शाह, आगा खान महल्लाती. वय बेचाळीस. निझारी इस्माइली पंथाचा इमाम; खोजे त्यालाच आपला धर्मगुरू मानतात. १८१७ मध्ये यझ्द शहरात बापाचा खून झाला. त्यानंतर फत अली शाहने या मुलाला जवळ केलं, आपली मुलगी दिली, 'आगा खान' हा किताब दिला. पुढचा शाह मोहम्मद शाह काजार. त्याने किरमाणची सुभेदारी दिली आणि १८३७ मध्ये काढूनही घेतली. आगा खान बामच्या किल्ल्यात अडून बसला, हरला, कैदेत पडला, सुटला. १८४० मध्ये हजला निघतो म्हणून घर सोडलं आणि पुन्हा शाहच्या फौजांशी लढाया झाल्या. १८४१ मध्ये तो आपले स्वार घेऊन सरहद्द ओलांडून अफगाणिस्तानात शिरला. कंदाहारला इंग्रजांचा मेजर रॉलिन्सन होता. त्याने आगा खान आणि त्याच्या माणसांसाठी रोजचे १०० रुपये लावून दिले. ही रक्कम नकलताना तुमचा हात जरा अडखळला होता. तुम्हाला तेवढे पैसे मिळवायला पाच महिने लागतात.

मग सिंध. चार्ल्स नेपियरच्या मोहिमेत आगा खानाचे घोडेस्वार इंग्रजांच्या कामी आले, त्याबद्दल पेन्शन ठरली. आणि आता कच्छ-काठेवाडाच्या वाटेने तो मुंबईत.

म्हणजे हा माणूस गरीब बिचारा निर्वासित नव्हे, हे आधीच मान्य करून टाका. त्याने राजाविरुद्ध हत्यार उचललं होतं. तेहरानच्या दरबाराने त्याला बंडखोर म्हटलं तर त्यांचंही काही चुकत नव्हतं. आसरा मागणारे लोक नेहमी गोष्टीतल्यासारखे निष्पाप असतात अशी आपली एक समजूत असते. तशी गोष्ट आपल्याकडे आहेच, पारशांच्या दुधातल्या साखरेची. मात्र १६०० च्या सुमाराला लिहिलेल्या 'किस्सा-ए-संजान'मध्ये ना ते दूध आहे ना ती साखर. तिथे आसरा मागणाऱ्या पारशांना राजा जादी राणा अटी घालतो: धर्म समजावून सांगा, इथली भाषा बोला, बायकांनी इथला पोशाख करावा, हत्यारं खाली ठेवा, लग्नं संध्याकाळी लावा. मला ती हकिकत साखरेपेक्षा खरी वाटते. राणाने अटी घातल्या, पण आधी ऐकून घेतलं.

असो. तुम्ही कारकून आहात, वेळ काढू नका. टेबलावर नवा कागद आलाय.

तेहरानहून मागणी आली आहे. तिथला इंग्रजी वकील जस्टिन शील याच्यामार्फत ती कलकत्त्याला गेली आणि तिथून फिरत फिरत मुंबईला. इराणचा वजीर हाजी मिर्झा आघासी म्हणतो, आमचा माणूस आम्हाला द्या. आधाराला १८१४ चा तहनामा आहे. तुमच्या खात्यात त्याची जुनी प्रत आहे, वाळवीने एक कोपरा खाल्लेला. हेडमुनशी सांगतात, "ते कलम स्वच्छ अक्षरात उतरवून दे." तुम्ही लेखणीला टोक काढता आणि लिहिता. मराठीत त्याचा आशय असा: बंडाची लक्षणं दाखवणारा एखादा प्रतिष्ठित इराणी इंग्रजांच्या मुलखात आश्रयाला आला, तर इराण सरकारने कळवताच इंग्रजांनी त्याला मुलखाबाहेर काढावं, तो जात नसेल तर पकडून इराणला पाठवून द्यावं.

वाळू टाकून शाई सुकवता. परत वाचता.

काढावं, नाहीतर पाठवावं. आधी हाकला, नाही गेला तर बांधून त्याच्या शत्रूच्या दारात टाका. आजच्या वर्तमानपत्री मराठीत याला 'पुशबॅक' म्हणतात. तेव्हा हा शब्द नव्हता, युक्ती मात्र होती. सहीशिक्क्यासह.

आणि तो मधला शब्द बघा, 'प्रतिष्ठित'. तहनामा लिहिणाऱ्यांना साध्या माणसाची फिकीरच नव्हती. आगा खानाबरोबर आलेल्या स्वारांची, मोतद्दारांची, आचाऱ्यांची नावं तुमच्या कागदांत कुठेच नाहीत. ती नावं कुणी मागितली नाहीत म्हणून कुणी लिहिलीही नाहीत. १८४६ मध्ये तरी ते त्यांच्या पथ्यावर पडलं होतं.

महिने जातात. पत्राला पत्र. मुंबईहून कलकत्ता, कलकत्त्याहून तेहरान, तेहरानहून उलट. तार नाही, आगबोट आणि घोडा, जे मिळेल ते. तुम्ही एकच मजकूर चार-चारदा उतरवता आणि हळूहळू तुम्हाला त्यातली खुबी कळायला लागते. कंपनी नाही म्हणत नाही आणि हो तर त्याहून म्हणत नाही. पकडून देणार नाही, कारण सिंधमध्ये आपल्या बाजूने लढलेल्या माणसाला फासावर पाठवलं तर उद्या कोण लढेल? ठेवून घ्यायलाही मन धजत नाही, कारण तेहरान रुसलं तर रशियाच्या मांडीवर जाऊन बसायचं. दया वगैरे या पत्रव्यवहारात तुम्हाला कुठे सापडली तर मला दाखवा.

मध्येच एक तडजोड येते. वजीर म्हणतो, येऊ दे त्याला परत, पण बलुचिस्तान आणि किरमाणच्या वाटेने नको, आणि आपल्या गावी, महल्लातमध्ये निमूट राहायचं. कंपनीच्या साहेबांना हा उपाय पसंत पडावा असाच असतो: माणूस आपल्या पायांनी गेला की हाकलल्याचा डाग नाही. पण माणूस जात नाही. वजिराच्या शब्दावर मान ठेवायची म्हणजे काय, हे त्याला कारकुनापेक्षा जास्त कळतं.

शेवटी इंग्रज कलमातल्या दोन्ही पर्यायांच्या मधून वाट काढतात. मुंबईहून इराणचा किनारा समुद्रमार्गे फार जवळ, तेव्हा त्याला लांब ठेवा. एप्रिल १८४७ मध्ये आगा खानाची कलकत्त्याला रवानगी होते. मुलखाबाहेर काढला नाही, सुपूर्दही केला नाही, नुसता नकाशावर पूर्वेकडे सरकवला.

तुम्ही त्याला अजून पाहिलेलं नाही. दीड वर्ष त्याच्याबद्दल लिहिताय आणि चेहरा माहीत नाही. त्या आठवड्यात मामांच्या वाडीतला मोहोर अवकाळी वाऱ्याने झडतो आणि घरात तीच मोठी बातमी असते.

सप्टेंबर १८४८ मध्ये मोहम्मद शाह वारतो. २६ डिसेंबरला आगा खान परत मुंबईत. नव्या शाहचा वजीर अमीर कबीर आधीच्यापेक्षा कडक निघतो: यायचं तर कैदी म्हणून सरहद्दीवर या. आगा खान तो नाद सोडतो. उरलेलं आयुष्य मुंबईत.

आता जरा पावलं उचला. १८६६. तुम्ही चाळिशीत आहात, केस पांढरे व्हायला लागलेत, बोटावरचा डाग तसाच. कंपनी गेली, राणीचं राज्य आलं, हायकोर्ट उघडून चार वर्षं झाली. चार वर्षांपूर्वी आगा खानाने आपली हकिकत 'इब्रत-अफ्जा' नावाने फारसीत इथेच मुंबईत छापून घेतली. ज्याच्याविषयी तुम्ही इतकं उतरवलंत, त्याची स्वतःची बाजू तुम्ही पहिल्यांदा तिथे वाचलीत. बरीचशी फुशारकी आहे. तरी पण त्याची आहे.

कोर्टात गर्दी आहे. खोजांतल्या काही जणांनी दावा लावलाय की आगा खानाचा आमच्या जमातीवर आणि तिच्या मालमत्तेवर हक्क नाही. न्यायमूर्ती जोसेफ अर्नोल्ड दोन्ही बाजूंचे साक्षीदार, वह्या, भजनं, वंशावळी, सगळं ऐकतात आणि १२ नोव्हेंबरला निकाल देतात: खोजे मुळात इस्माइली, आणि हाच त्यांचा इमाम. वीस वर्षांपूर्वी ज्याला बांधून पाठवायचं की नाही यावर खल चालला होता, त्याचं घराणं कोणतं हे मुंबईच्या कोर्टाने ठरवून दिलं. निकाल तुम्हाला पटो न पटो (खोजांतल्या पुष्कळांना पटला नाही), सुनावणी झाली.

१८८१, एप्रिल. तुम्ही पेन्शनर. माझगाव ओळखू येत नाही इतकं बदललंय: पी. अँड ओ. च्या बोटी, कोळशाच्या राशी, वाड्यांच्या जागी बंगले. त्यातला एक आगा हॉल. वेल्सचा राजपुत्र हिंदुस्थानात आला होता तेव्हा तो आगा खानाला भेटायला गेला, हे तुम्ही नातवंडांना सांगता. आज आगा खानाचा जनाजा निघालाय. तुम्ही रस्त्याच्या कडेला, पागोटं सावरत उभे. म्हणजे शेवटी चेहरा पाहिला नाहीतच. दफन माझगावातच झालं. त्या जागेवर पांढऱ्या घुमटाची कबर उभी राहिली, तिचं नाव हसनाबाद.

तो घुमट अजून आहे. डॉकयार्ड रोडला उतरलात तर चालत जाता येतं, शिवदास चापसी मार्गावर. शेजारून ट्रेलर जातात, पलीकडे माझगाव डॉकच्या क्रेन दिसतात. ज्याला कोणत्या बंदरात ठेवावं हा प्रश्न होता, त्याच्या उशाशी देशाच्या युद्धनौका बांधल्या जातात.

आता जागा बदला. तुम्ही कारकून नाही.

तुम्ही मुर्शिदाबादचे आहात, गवंडीकाम करता, मुंबईच्या टोकाला एका चालू बांधकामावर पत्र्याच्या खोलीत सहा जण झोपता. साल २०२५, जून. पहलगामच्या हल्ल्यानंतर बांगलादेशींची शोधमोहीम जोरात आहे. राज्यांनी संशयितांची पडताळणी तीस दिवसांत उरकावी असं केंद्राच्या गृहखात्याने कळवल्याच्या बातम्या मे महिन्यात आल्यात. तुम्ही बंगालीत बोलता. तुमचं नाव मुसलमानी आहे. एवढं पुरतं. आधार दाखवता, ते खोटं असू शकतं असं सांगतात, आणि ते खरंही आहे, खोटी आधारकार्डं मुंबईत मिळतात. गावाकडून पंचायतीचे कागद मागवता. कागद फोनवर येतात. फोन तुमच्याकडे राहिलेला नसतो. काही दिवसांतच तुम्ही महाराष्ट्रातून हजारो किलोमीटर दूर सरहद्दीवर असता. रात्र आहे. कुणीतरी म्हणतं, चला पुढे.

ही मी रंगवलेली गोष्ट नाही, नुसती तुमच्या अंगावर घातली. मुंबई-ठाण्याच्या परिसरातून पकडलेले बंगालचे काही मजूर त्या महिन्यात असेच बांगलादेशात ढकलले गेले. ते भारतीय असल्याचं बंगाल सरकारने दाखवून दिल्यावर त्यांना परत घ्यावं लागलं. आमचे फोन आणि पैसे काढून घेतले होते, असं परत आल्यावर त्यांनी पत्रकारांना सांगितलं. दिल्लीहून धाडलेल्या बीरभूमच्या एका गर्भवती बाईला आणि तिच्या घरच्यांना चार आठवड्यांत परत आणा असा हुकूम कलकत्ता हायकोर्टाने २६ सप्टेंबर २०२५ रोजी दिला. ती आणि तिचा मुलगा परत आले डिसेंबरमध्ये.

आणि हे फक्त आजच्या सरकारचं पाप म्हणून हात झटकू नका. जुलै १९९८ मध्ये मुंबई पोलीस जरीकाम करणाऱ्या कारागिरांना बांगलादेशी म्हणून हावड्याच्या गाडीने नेत होते. उलुबेरिया स्टेशनवर जमावाने गाडी अडवून त्यांना उतरवून घेतलं. जमावाने सोडवणं ही न्यायाची रीत नव्हे हे मला कळतं. पण त्या डब्यात दुसरी कोणती रीत उरली होती?

तुम्ही म्हणाल, इथे आसऱ्याचा प्रश्न कुठे आला? हे तर आपलेच नागरिक. हाच तर मुद्दा आहे. नागरिक, पोटासाठी चोरून आलेला परदेशी, आणि जिवाच्या भीतीने पळून आलेला माणूस, हे तिघे अंधारात एकसारखेच दिसतात. त्यांना वेगळं करायचं एकच साधन आहे: समोर बसवून विचारणं आणि उत्तर लिहून घेणं. ते टाळलं की तिघेही एकाच दरवाजातून बाहेर जातात. कुणाला देशात राहू द्यायचं हे सरकारने ठरवावं, त्याबद्दल माझं भांडण नाही. न विचारता ठरवण्याबद्दल आहे.

भारताने १९५१ च्या निर्वासित करारावर सही केलेली नाही. निर्वासित कोण हे सांगणारा कायदाही आपल्याकडे नाही. १ सप्टेंबर २०२५ पासून परदेशी लोकांसाठी नवा कायदा लागू झाला. आपण परदेशी नाही हे सिद्ध करण्याचं ओझं त्यातही १९४६ च्या कायद्यासारखं त्या माणसाच्याच डोक्यावर आहे. तरी कोर्टांनी काही दारं उघडी ठेवलीत. अरुणाचलातल्या चकमांच्या जिवाचं रक्षण करणं सरकारचं कर्तव्य आहे, असं सुप्रीम कोर्टाने १९९६ मध्ये सांगितलं, कारण राज्यघटनेचं कलम २१ 'माणसा'ला लागू आहे, नुसत्या नागरिकाला नाही. २०२१ च्या मे महिन्यात मणिपूर हायकोर्टाने म्यानमारमधून पळून आलेल्या सात जणांना दिल्लीला संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासित कचेरीपर्यंत सुखरूप जाऊ दिलं. त्याच्या महिनाभर आधी सुप्रीम कोर्टाने जम्मूतल्या रोहिंग्यांना परत पाठवायला मनाई करायचं नाकारलं होतं, पण विहित कार्यपद्धतीशिवाय पाठवू नका असं बजावलं होतं. एकाच देशात, दोन महिन्यांत, दोन वारे.

परत या माझगावला. आगा हॉल नेसबिट रोडवर होता. त्या नावाच्या आवारात पुढे इस्पितळ उभं राहिलं आणि त्याच भागात माझगावचं कोर्ट आहे. कोर्टाबाहेरच्या टपरीवर चहा घ्या. कडेला टायपिंगवाले बसलेले असतात, तुमचेच भाऊबंद. आणि बोटावरचा तो जुना डाग आठवा.

कंपनी सरकार दयाळू नव्हतं. ज्याला वाचवलं तो मोठा माणूस होता, उपयोगी होता, लढवय्या होता. या तिन्हींतलं काही नसलेल्या माणसासाठी १८४६ मध्ये कुणी शाई वाया घालवली नसती. पण त्या कठोर, मतलबी व्यापाऱ्यांनाही एका माणसाला परत ढकलण्याआधी मागणीपत्र लागलं, कलम काढून बघावं लागलं, उत्तर द्यावं लागलं, त्याच्या नकला ठेवाव्या लागल्या. त्या लिहिण्यात दोन वर्षं गेली आणि तेवढ्यात मागणी करणारा शाहच मेला. शाईनेच त्याला वाचवलं, असं म्हणायला हरकत नाही. गवंड्याच्या बाबतीत मागणी कुणाचीच नव्हती आणि सगळं थोड्या दिवसांत आटोपलं. प्रतिष्ठितांसाठी केलेलं कलम आज अप्रतिष्ठितांना लागतंय, फक्त त्यातला कागद गळून पडलाय.

त्या जूनमध्ये आपल्या राज्यातून किती जणांना सरहद्दीकडे धाडलं, प्रत्येकाबाबत लेखी हुकूम कोणी काढला, त्याचं म्हणणं कोणी उतरवून घेतलं आणि कोणत्या भाषेत, हे विचारायला तुम्हाला फारसी येण्याची गरज नाही. माहितीच्या अधिकाराचा अर्ज मराठीत चालतो. फी दहा रुपये.